जवसाच्या तेलावर चिखल्यापर्यंत

चिखल्याला जायचं असेल तर तुमसरहून बस मिळते. जीपही मिळते. मँगनीज खाणीत जाणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर ओळखीचा निघाला तर त्याच्या शेजारी बसूनही जाता येतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की तिथे पोचायचा तो एकच मार्ग आहे. आम्ही, म्हणजे शालिकमामा आणि मी, आंधळगावाहून चिखल्याला एका विलायती फटफटीवरून गेलो. आमच्या दोघांच्या वयांची बेरीज केली तरी तिचं वय जास्तच भरलं असतं.

आंधळगाव

मी नाशिकची. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, आणि दोन्हीकडे शक्य तितकं कमी बोलायचं, असं माझं चाललेलं असतं. या दिवाळीत आईला सुट्टी मिळाली नाही म्हणून तिने मला एकटीलाच तिच्या माहेरी पाठवलं.

मामांच्या दारात पाऊल ठेवलं की पहिला धक्का बसतो तो पायांना. आमच्याकडे लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं असतं. इथे पांढऱ्या मिशांचे, पंचावन्न वर्षांचे मामा खाली वाकून माझ्या पायांना हात लावतात. भाची म्हणजे देव, तिचा शब्द खोटा धरायचा नाही आणि तिला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, असा या भागातला रिवाज. लहानपणापासून हे चालू आहे, तरी त्या वेळी आपले हात कुठे ठेवायचे ते मला अजून समजलेलं नाही.

मामा विणकर. पुढच्या खोलीत माग, त्याच्या बाजूला सुशीलामामींचा सुताच्या कांड्या भरायचा रहाट, आणि दोन्हींच्या मध्ये, पाहुण्याने बसावं अशा जागी, ती फटफटी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विलायतेत म्हणे कारकून आणि पोस्टमन लोकांना परवडावी म्हणून अशा गाड्या काढल्या होत्या. पेट्रोलची टाकी आडव्या नळकांड्यासारखी गोल. गिअर पायात नाही, टाकीच्या बाजूला एक दांडी, ती हाताने पुढेमागे करायची. दोन्ही ब्रेक मागच्याच चाकाला. पुढचं चाक आपल्या मर्जीचं मालक. टाकीवरचं नाव केव्हाच पुसलं गेलं होतं, त्यामुळे मामा पाहुणा पाहून वेगवेगळी नावं सांगत.

ही फटफटी आली मामींच्या माहेरून. त्यांचे वडील चिखल्याच्या खाणीत हजेरी घ्यायचे. खाणीतला एक गोरा साहेब देश सोडताना ती त्यांना देऊन गेला. पुढे मामींच्या लग्नात मामा रिवाजाप्रमाणे जेवणाच्या ताटावर रुसून बसले. काय पाहिजे विचारल्यावर म्हणाले, मोटारसायकल. सासरे उठले, गोठ्यात गेले आणि वैरणीखालून ही ओढून आणली. मोटारसायकल मागितली, मोटारसायकल मिळाली. जावयाला पुढे बोलायला जागाच उरली नाही. मुकाट्याने जेवावं लागलं.

पण मामांनी तिचं सोनं केलं. आंधळगावात वीज जाते, आणि कधी परत येईल ते विजेलाही ठाऊक नसतं. वीज गेली की मामा फटफटी स्टँडवर उभी करून चालू करतात, मागच्या चाकावरून, एरवी विजेवर फिरणाऱ्या रहाटाला दोरी देतात, आणि मामी धुरात खोकत खोकत कांड्या भरतात. ती नसेल तर मामींना रहाट हाताने फिरवावा लागेल, आणि मामींचा खांदा दोन वर्षांपासून दुखतो. म्हणजे ती गाडी गेली की वीज नसताना माग बंद, असं ते साधं गणित होतं.

भाऊबीजेला मामींचा धाकटा भाऊ दिवाकर आला. तो राहतो चिखल्यालाच, पण शहापूरला हायवेवर त्याने नवीन ढाबा काढला आहे, आणि ढाब्याच्या कमानीवर टांगायला त्याला ही फटफटी हवी होती. बापाची आठवण, गिऱ्हाइकाला शोभा. मामा नाही म्हणाले. दिवाकरमामा म्हणाला की ती आता चालत नाही, नुसती जागेवर खोकते. मामा म्हणाले, चालते. बोलता बोलता ताटातल्या करंज्या निवल्या (गरमच नव्हत्या, पण तसं वाटलं) आणि शेवटी शर्त लागली. चिखल्याच्या मंडईला मामांनी फटफटी घेऊन यायचं. कोणी ढकलायची नाही, कोणी ओढायची नाही, कोण्या गाडीवर लादायची नाही. पोचली तर मामांची, पुन्हा कधी मागणार नाही. नाही पोचली तर कमानीवर.

ज्यांना मंडई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: दिवाळीनंतर इकडच्या गावागावांत एकेक दिवस जत्रेसारखा भरतो. सासरच्या पोरी माहेरी येतात, पाहुण्यांना बोलावतात, दिवसभर दंडार चालते, म्हणजे ढोलकीवर नाचगाण्याचा खेळ. सगळे सोयरेधायरे एका जागी सापडतात. म्हणजे मामा हरलेच तर सगळ्या सासरवाडीसमोर हरणार होते.

साक्षीदार कोण, असा प्रश्न आला. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

"भाचीले घेऊन या," दिवाकरमामा म्हणाला. "ते खोटं बोलत नाही. बोलतच नाही तं खोटं कुठून बोलन."

मंडईच्या आदल्या दिवशी मामी भावाबरोबर पुढे गेल्या. ही आमची पहिली चूक. त्या घरी असत्या तर पुढचं झालं नसतं. सकाळी निघताना मामांच्या लक्षात आलं की इंजिनाचं तेल संपत आलं आहे. या गाडीत तेल टाकीच्याच एका कप्प्यात असतं. चालवताना मध्ये मध्ये एक छोटा पंप हाताने दाबायचा, तेवढं तेल इंजिनात जातं आणि जळून धूर होऊन मागून निघून जातं. गावातलं गॅरेज दिवाळीचं बंद. मामा स्वयंपाकघरात गेले आणि जवसाच्या तेलाचा डबा घेऊन आले.

मी, न विचारता कधी न बोलणारी, विचारलं की हे चालेल का.

"काहून नाही चालन? धोट्याले मी हेच लावतो," मामा म्हणाले. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणारं ते लाकडी होडकं. "एकडाव लावलं का वर्सभर चकचक करते. बोट लावलं तं घसरते."

धोट्याच्या बाबतीत ते अगदी खरं होतं. जवसाचं तेल लाकडावर वाळतं आणि त्याचा कडक, गुळगुळीत थर बसतो. लोखंडाच्या इंजिनात तो थर बसला तर काय होईल, हा विचार आमच्या दोघांपैकी एकालाही शिवला नाही. डबा रिकामा झाला. मागच्या कॅरिअरवर माझ्यासाठी उशी ठेवून मामांनी ती मागाच्या जुन्या लांब दोरीने पक्की बांधली, आणि आम्ही निघालो.

तुमसरच्या अलीकडे

वेग फार नव्हता. एक सायकलवाले काका आमच्याशेजारून बराच वेळ गप्पा मारत आले, मग घाई आहे म्हणून पुढे निघून गेले. दोन्हीकडे कापणीला आलेला धान, मध्ये मध्ये तलाव, तलावात एकेका पायावर उभे असलेले बगळे. नाशिककडे तलाव म्हणजे फिरायला जायची जागा. इथे तलाव हा घरातल्या माणसासारखा असतो, त्याची तब्येत विचारतात. मामा वाटेत भेटेल त्याला ओरडून विचारत की तुमच्याकडे पाणी किती आहे. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन इतकी वर्षं झाली, तरी तिकडचे तलावही ते आपल्याच हिशेबात धरतात.

आणि मग वास सुरू झाला.

गरम झालेलं जवसाचं तेल. या भागात घरोघर तळण त्याच तेलात होतं, म्हणजे आम्ही रस्त्याने पुऱ्यांचा वास सोडत चाललो होतो. आधी कुत्री मागे लागली. मग एका घरातून बाई पदराला हात पुसत बाहेर आली, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि विचारात पडून परत आत गेली. एका बांधावर जेवायला बसलेल्या शेतकऱ्याने तर विळा उंच करून आम्हाला थांबवलंच. कोणाकडे लग्न आहे, त्याने विचारलं. कुठेच नाही, मामा म्हणाले.

"मंग सुवाऱ्या कोणं तळून राह्यलं?" सुवारी म्हणजे पुरीच.

मामांनी खरं ते सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. तो वाकून सायलेन्सरचा वास घेऊन आला, मग माझ्या उशीकडे संशयाने पाहू लागला. मी उठून उभी राहिले. त्याने उशी दाबून पाहिली.

"लपवता काहून? आम्ही का हिसकून राह्यलो?"

"राहू द्या ना," त्याची बायको बांधावरूनच म्हणाली. "पाहुना खरं सांगून राह्यला. जवसाचं तेल आपल्याले पोराबाळाले पुरत नाही, अन् हा माणूस गाडीले पाजून राह्यला. आधी जेवू घाला त्याले, डोकं ठिकान्यावर येईन."

म्हणून आम्ही जेवलो. पळसाच्या पानावर भात आणि वाळवलेल्या झिंग्यांची चटणी, इतकी तिखट की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना वाटलं मी घरच्या आठवणीने रडते, आणि त्यांनी आणखी भात वाढला. नको कसं म्हणायचं ते मला नाशिकमध्येही जमत नाही. शेतकरी तेवढ्या वेळात एक हिरवी मिरची काडीला टोचून सायलेन्सरपाशी धरून बसला होता. भाजते का पाहतो, म्हणाला. इंजिन बंद होतं हे त्याला कोणी सांगितलं नाही.

गोबरवाहीच्या पुढे

तुमसर मागे पडलं तसा रस्त्याचा रंग बदलला. झाडांच्या पानांवर काळसर धूळ, लांब डोंगर, आणि डोंगरांसारखेच दिसणारे पण खाणीतून निघालेल्या दगडमातीचे ढिगारे. मँगनीज भरलेले ट्रक शेजारून गेले की आमच्या पुऱ्यांच्या वासात थोडी रेती मिसळे.

फटफटीचा आवाज आधी घोगरा झाला, मग जड झाला, जेवणावर जेवण झालेल्या माणसासारखा. मामा पंप जास्त जास्त दाबू लागले, म्हणजे होता तो आजार वाढवू लागले. चिखल्याच्या मंडईचा भोंगा ऐकू येऊ लागला आणि त्याच वेळी ती एक मोठा श्वास सोडून थांबली. मामांनी किक मारली. किक खाली गेली नाही. ते दोन्ही पायांनी किकवर उभे राहिले. तरी गेली नाही. जवसाने आत धोट्यासारखाच पक्का थर धरला होता. मामा काही वेळ तसेच, पायरीवर उभं राहावं तसे किकवर उभे होते. "मंडप दिसून राह्यला इथून," ते म्हणाले, आणि खाली उतरून पुन्हा सीटवर बसले.

मदत करायला माणसं लगेच आली, हाच मोठा त्रास. दोघे ढकलायला धावले. मामांनी हात लावू दिला नाही. एक ट्रकवाला थांबून फळकुट टाकू लागला, मामांनी त्याला हात जोडले. तो जाताना मला हळूच विचारून गेला की यांना घरून कोणी न्यायला येणार आहे का.

मामांनी हँडलवर हात ठेवले. मग म्हणाले, "सुशीच्या खांद्याचं काय करू?" ते मला विचारत नव्हते. पण मी ऐकलं, आणि त्या क्षणापासून मलाही ती गाडी पोचायला हवी होती.

त्यांची नजर माझ्या उशीच्या दोरीवर गेली.

मागावर बसलेला विणकर सारखा उठत नाही. ताणलेल्या सुताचं दुसरं टोक लांब खुंट्याला असतं आणि तिथली दोरी फिरून त्याच्या हाताशी येते. बसल्या जागेवरून तो सगळं ओढतो, सोडतो. मामांनी आयुष्यभर तेच केलं होतं. त्यांनी मला दोरीचं एक टोक दिलं आणि पुढच्या पळसाला बांधायला सांगितलं. मग गिअरची दांडी मध्यावर आणून, म्हणजे चाक इंजिनापासून मोकळं करून, फटफटीवर बसूनच, दुसरं टोक हातावर हात टाकत ओढू लागले. ती हलली. पळसापर्यंत आली. मी गाठ सोडली, पुढच्या बाभळीपर्यंत पळाले, बांधली. मामा बाभळीपर्यंत आले.

मी गाडीला एकदाही हात लावला नाही. झाड, खांब, मैलाचा दगड, पुन्हा झाड. चढावर मामांच्या गळ्याच्या शिरा दोऱ्यांसारख्या दिसत होत्या. उताराला मी दोरी गुंडाळत शेजारून धावत होते, कारण ब्रेकवर जवसाचं तेल उडालेलं होतं.

चिखला

रस्त्यात कोणी नसताना दोरी बांधणं आणि भरल्या मंडईत बांधणं यात फार फरक आहे. मी शाळेत कधी उत्तर येत असूनही हात वर केला नाही. आता मी जिलेबीच्या दुकानांमधून दोरीचं टोक घेऊन धावत होते, मागे मामा बसून ओढत येत होते, त्यांच्या मागे पोरं, आणि वासामुळे वाटेतली काही कुत्रीही. सगळ्यात शेवटी बांधायला समोर एकच उभी वस्तू उरली होती, दंडारीच्या मंडपाचा खांब. मी बांधली. मामांनी ओढली. फटफटी पुढे आली, आणि खांबही थोडा पुढे आला, त्यांना भेटायला. मग मंडपाचं कापड सगळ्या दंडारीवर सावकाश उतरलं. आत ढोलकी वाजतच होती. लुगडं नेसून नाचणारा एक मिशीवाला कापडातून डोकं काढून आमच्याकडे पाहू लागला.

दिवाकरमामा गर्दीतून आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पान. मामीही आल्या; त्यांनी आधी वास घेतला, मग मामांकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. घरातला जवसाचा डबा रिकामा आहे हेसुद्धा.

कोणीतरी माझ्या हातात दंडारीचा माईक दिला. परत द्यायला गेले तर कोणी घेईना.

"बाई, तू भाची होस," दिवाकरमामा म्हणाला. "तू म्हनशीन ते खरं. कोणी ढकलली?"

"नाही." माझा आवाज सगळ्या मंडईभर गेला. तो माझा आहे हे मला उशिरा कळलं.

"गाडीवर लादली?"

"नाही."

"ओढली?"

मामांचे तळहात दोरीने सोलून लाल झाले होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते. मामी पाहत होत्या.

"ओढली," मी म्हणाले. "मामांनीच ओढली. बसल्या बसल्या. पण ओढली."

गलका झाला. एक म्हातारबाबा म्हणाले की नाव वल्हवणाऱ्याला कोणी म्हणत नाही की त्याने नाव ओढली. दुसरे म्हणाले, बसून ओढणारा बैल कोणी पाहिला आहे का. पण मामांनी हात वर केला. भाचीने सांगितलं, विषय संपला. ते इतक्या वेळाने पहिल्यांदा खाली उतरले. उतरता उतरता त्यांचा डावा हात टाकीच्या बाजूने गेला आणि गिअरची दांडी आवाज न करता मागे सरकली.

मी ते पाहिलं. इंजिन चिकटलेलं आणि गाडी गिअरमध्ये, म्हणजे आता मागचं चाक फिरणार नव्हतं, कोणी काही केलं तरी. पण मला त्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

मामी पुढे झाल्या. "दिवाकर, झाली तुह्यी. आता घरापर्यंत ने. तुह्या जवायानं आंधळगावाहून आणली, तुले तं गल्लीच ओलांडाची हाय. पण त्याच शर्तीवर, ढकलाची नाही अन् लादाची नाही. ओढाची सूट देतो तुले."

मंडईला हे फार पटलं. दिवाकरमामा पान थुंकून फटफटीवर बसला. मी दोरी त्याच्या दारच्या कडुनिंबाला बांधून आले. त्याने ओढली. त्याने पुन्हा ओढली, तोंड लाल होईपर्यंत. कडुनिंबाची पानं गळली. त्याने पायापाशी गिअर शोधला, तिथे नव्हता. लोक सल्ले देऊ लागले. ढाब्यावर स्वतः जास्त जेवतो का, असंही एकाने विचारलं. मिशीवाला लुगडं सावरत म्हणाला, मी येऊ का मदतीला, भावजी.

शर्टाच्या काखा उसवल्या तेव्हा तो थांबला. दम लागला होता, पण त्याचं डोकं चालत होतं.

"जवाईबापू," तो म्हणाला, "मी हे कमानीवर टांगली तं येनारा जानारा पुसन, कोणाची हाय? अन् आता अख्खी मंडई सांगन, जवायाची. माह्या ढाब्यावर तुमचं नाव कायले पाह्यजे? घेऊन जा. पुन्हा नाही मागत."

मामांनी मान हलवली आणि दांडीवर हात ठेवून तिथेच बसले. घेऊन जातो, म्हणाले, पण सासऱ्याने दिलेली वस्तू टेम्पोत मेंढरासारखी घालून न्यायची नाही. ती चालू होईल, मग निघू.

जावई मुक्कामाला राहिला म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्याकडे जावयाला चहा देतात. चिखल्याला पहिल्या दिवशी वडे झाले, दुसऱ्या दिवशी कोंबडा, तिसऱ्या दिवशी सुवाऱ्या आणि खीर. जावई घरी आहे म्हटल्यावर मेहुण्याला ढाब्यावर जाता येईना, जेवताना शेजारी बसून आग्रह करायचा असतो. इंजिन खोलून अंगणात मांडलं होतं, आणि रॉकेलचा बोळा घेऊन जवसाचा थर खरवडायला रोज सकाळी सगळ्यांच्या आधी दिवाकरमामाच बसायचा. मामा बाजेवरून, हाताला हळद लावून, कुठे राहिलं ते दाखवायचे.

मी बसने निघाले त्या दिवशी शुक्रवार होता. पिस्टन माझ्यासमोर मोकळा झालेला होता. मामांनी तो बोटाने वरखाली करून पाहिला आणि पुन्हा रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. रविवारी गावच्या तलावात जाळं पडणार होतं, मोठी मासोळी निघणार होती, आणि मामांच्या मते सोमवारच्या आधी इंजिन सुटण्यासारखं नव्हतं.